वजनाचा दाखला

डेन्मार्कच्या जटलंड भागातील बिलुंड हे गाव लेगोच्या रंगीत विटांचे जन्मस्थान म्हणून जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. पण नोकरी आणि स्थूल देह यांच्या संबंधाचा विचार ज्याला करावयाचा आहे, त्याला हेच गाव दुसऱ्या एका कारणासाठी आठवावे लागते. तेथील नगरपालिकेने १ नोव्हेंबर १९९६ रोजी कार्स्टन काल्टॉफ्ट नावाच्या गृहस्थांची बालसंगोपक म्हणून नेमणूक केली. आईबाप कामावर गेले म्हणजे त्यांची लहान मुले या संगोपकाने स्वतःच्या घरी सांभाळावयाची आणि त्याचा पगार नगरपालिकेने द्यावयाचा, अशी ती व्यवस्था. आरंभी मुदतीची असलेली ही नेमणूक १९९८ च्या जानेवारीपासून कायम झाली, आणि गावातली मुले काल्टॉफ्ट यांच्या घरी वाढत राहिली. त्यांची उंची १ मीटर ७२ सेंटिमीटर होती, आणि नोकरीच्या या सबंध काळात त्यांचे वजन १६० किलोच्या खाली कधी आले नव्हते.

हे वजन नगरपालिकेला नेहमीच दिसत होते. आरोग्यविषयक धोरणाचा भाग म्हणून जानेवारी २००८ ते जानेवारी २००९ असे एक वर्ष तिने त्यांच्या व्यायामाचा खर्चही सोसला. वजन उतरले, आणि हा प्रयत्न करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला जे येते तेच येऊन ते पुन्हा चढले. पुढे काल्टॉफ्ट घरगुती कारणासाठी वर्षभर रजेवर गेले, मार्च २०१० मध्ये पुन्हा रुजू झाले, आणि त्यानंतर संगोपकांच्या प्रमुख अधिकाऱ्यांच्या, पूर्वसूचना न देता होणाऱ्या भेटी सुरू झाल्या. या भेटींत वजन किती उतरले याची चौकशी होई. त्याच वर्षी गावातल्या मुलांची संख्या घटली, चार मुले ठेवण्याची परवानगी असलेल्या काल्टॉफ्ट यांच्याकडे सप्टेंबरपासून तीनच उरली, एक संगोपक कमी करावा अशी सूचना वरून आली, आणि साऱ्या संगोपकांतून नाव निघाले ते त्यांचे. नेमणुकीला बरोबर चौदा वर्षे झाली त्याच तारखेला, १ नोव्हेंबर २०१० रोजी, त्यांना फोनवरून ही गोष्ट कळवण्यात आली. त्या दिवशी झालेल्या बैठकीत त्यांच्या स्थूलतेचा विषय निघाला होता, एवढे उभय पक्षांना मान्य आहे; तो कोणत्या शब्दांत आणि किती निघाला, हे मान्य नाही. आपल्याला वजनापायी काढले जात आहे अशी लेखी कैफियत त्यांनी १० नोव्हेंबरला दिली. २२ नोव्हेंबरला नोकरीतून कमी केल्याचे पत्र आले, त्यात मुलांची संख्या घटल्याचे कारण होते, आणि कैफियतीबद्दल अवाक्षर नव्हते.

पुढे हे प्रकरण वृत्तपत्रांत गाजले तेव्हा, मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधण्यासाठी या माणसाला वाकता येत नसे आणि दुसऱ्याची मदत घ्यावी लागे, असे छापून आले. काल्टॉफ्ट यांनी ते नाकारले. आपण मुलांबरोबर जमिनीवर बसून खेळतो, आपले काम आपल्याला येते, आणि आपण स्वतःला अपंग समजत नाही, असे ते सांगत राहिले. हे शेवटचे विधान वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण ज्या कायद्याच्या आश्रयाला ते गेले होते, त्याच्या दारावरच त्यांना नेमके याच्या उलट सिद्ध करणे भाग होते.

त्यांच्या वतीने एफओए ही कामगार संघटना कोल्डिंगच्या न्यायालयात गेली, आणि त्या न्यायालयाने २०१३ साली चार प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवले. मुख्य प्रश्न दोन होते. स्थूलतेवरून भेदभाव करण्यास युरोपीय कायद्याची सरसकट मनाई आहे काय, आणि नसल्यास, नोकरीतील समान वागणुकीविषयीच्या २००० सालच्या निर्देशात जे ‘अपंगत्व’ संरक्षिले आहे त्यात स्थूलता बसते काय? न्यायालयाचे महाअधिवक्ता नीलो यॅस्किनेन यांनी जुलै २०१४ मध्ये आपले मत दिले, आणि १८ डिसेंबर २०१४ रोजी फैसला झाला. सरसकट मनाई नाही, हे पहिले उत्तर. स्थूलता स्वतः अपंगत्व नव्हे. परंतु तिच्यामुळे दीर्घकाळ टिकणारी मर्यादा उत्पन्न होऊन, भोवतीच्या अडथळ्यांशी गाठ पडून, त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने आपला व्यवसाय करता येत नसेल, तर ते अपंगत्व होय, आणि तसे आहे की नाही हे कोल्डिंगच्या न्यायालयाने पुराव्यावरून ठरवावे, हे दुसरे.

या निकालपत्रात एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी मी त्या न्यायाधीशांचा ऋणी आहे. अपंगत्व स्वतःच्या करणीने ओढवले की दैवाने आले, हा प्रश्न त्यांनी अप्रस्तुत ठरवला. महाअधिवक्त्यांनी दिलेला दाखला साधा आहे: रस्त्यावर बेफामपणे गाडी हाकून किंवा धोक्याच्या खेळात पडून ज्याने आपला पाय गमावला, त्याचे अपंगत्व त्याच्या बेपर्वाईमुळे कमी ठरत नाही. आपल्याकडे स्थूल माणसाविषयीची सारी चर्चा ‘तोंडावर ताबा नाही’ या तीन शब्दांशी येऊन थांबते. आनुवंशिकता, थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड किंवा मनोविकारांवरील काही औषधे, रात्रपाळीने मोडलेली झोप, स्वस्त पिठा-साखरेवर निघालेले बालपण, आणि उतरलेले वजन परत चढवण्याची शरीराची स्वतःची चिवट प्रवृत्ती, यांचा विचार मनात येण्याआधीच ऐकणाऱ्याने निकाल दिलेला असतो. दोष कोणाचा हा प्रश्न कायद्याच्या दारातून बाहेर काढणे ही म्हणूनच लहान गोष्ट नव्हती.

तथापि काल्टॉफ्ट यांना त्याचा उपयोग झाला नाही. २०१६ साली कोल्डिंगच्या न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. वजनामुळे त्यांच्या कामात कायद्याला अपेक्षित अशी मर्यादा आल्याचे दिसले नाही. सबब ते अपंग ठरले नाहीत, आणि अपंग नाहीत म्हणून अपंगांना मिळणारे संरक्षणही त्यांना लाभले नाही. न्यायालयाने कायदा चुकीचा लावला असे मी म्हणत नाही. परंतु या निकालाची रचना क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. जो माणूस म्हणतो की मी चौदा वर्षे मुले नीट सांभाळली, आणि ते खरे आहे, त्याला कायदा सांगतो की ते खरे असेल तर तू वजनापायी काढला गेलास की नाही हे पाहण्याचे आम्हांला कारण नाही. आणि त्याने जर म्हटले असते की मला वाकता येत नाही, बसता-उठता येत नाही, तर मालकाला आयते उत्तर मिळाले असते की मग मुले सांभाळण्यास तू योग्य नव्हतासच. कार्यक्षम म्हणून उभा राहिला तर संरक्षण नाही, अक्षम म्हणून उभा राहिला तर नोकरी धोक्यात, अशा अरुंद बोळात न्याय मागणाऱ्याला उभे केले गेले. स्थूलता हे अपंगत्व मानावे काय, या प्रश्नाकडे मी प्रथम वळलो तेव्हा उत्तर ‘होय’ असे द्यावे अशी माझी इच्छा होती; या एका प्रकरणाने मला प्रश्नाचीच फेरतपासणी करावयास लावली.

या बोळातून वाट काढण्याचा एक मार्ग अमेरिकेत त्याच्या वीस वर्षे आधी सापडला होता. ऱ्होड आयलंड राज्यात मतिमंदांच्या एका सरकारी संस्थेत बॉनी कुक या बाईंनी १९७८ ते ८० आणि पुन्हा १९८१ ते ८६ अशी दोनदा परिचारिकेसारखी नोकरी केली होती, दोन्ही वेळा राजीखुशीने सोडली होती, आणि त्यांच्या दप्तरी कसलाही ठपका नव्हता. १९८८ मध्ये त्यांनी त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज केला. त्या वेळी त्यांची उंची ५ फूट २ इंच आणि वजन ३२० पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे १४५ किलो होते. तपासणी करणाऱ्या परिचारिकेने अतिस्थूलतेची नोंद केली, पण काम करण्यास कोणतीही अडचण आढळत नाही असेही मत दिले. तरी खात्याने नकार दिला: आग लागली तर रुग्णांना बाहेर काढणे या बाईंना जमणार नाही, शिवाय पुढे त्या आजारी पडतील, गैरहजर राहतील, भरपाई मागतील. प्रकरण १९९३ साली संघीय अपील न्यायालयापर्यंत गेले, आणि ज्यूरीने देवविलेले १,००,००० डॉलर तेथे कायम झाले. याचे कारण असे की अमेरिकेच्या कायद्यात अपंग असलेल्या माणसाबरोबरच, ज्याला मालकाने अपंग *मानले* त्यालाही संरक्षण आहे. कुकबाईंना आपण असमर्थ आहोत असे सांगावे लागले नाही. खात्याने त्यांना न पारखता असमर्थ ठरवले, एवढेच दाखवावे लागले. तपासाचा रोख अर्जदाराच्या देहावरून मालकाच्या वर्तनावर गेला. पुढील काळात अमेरिकेच्याच इतर अपील न्यायालयांनी ही वाट पुष्कळ आवळली आणि स्थूलतेच्या मुळाशी एखादा शारीरिक विकार दाखवा अशी अट घातली. परंतु वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आपल्या राज्यापुरती ती अट साफ नाकारली.

‘न पारखता’ हा शब्द मी जपून वापरला आहे, कारण पारख कशी होत नाही हे मी एकदा दहा हातांवरून पाहिले आहे. माझी मामेबहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, जिल्ह्याच्या गावी एका संस्थेत लेखनिकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेली होती. मी तेव्हा महाविद्यालयात होतो, सोबत म्हणून गेलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो. दार अर्धे उघडे होते. ताई वाणिज्य शाखेची पदवीधर, टंकलेखनाच्या मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस या दोन्ही परीक्षा पास, आणि वजनाने शंभर किलोंच्या पुढे. तिच्यापुढे जी खुर्ची ठेवली होती ती लोखंडी नळीची, दोन्ही बाजूंना हात असलेली होती. तिने त्या खुर्चीकडे एकदा पाहिले, खोलीत दुसरे काही आहे का ते पाहिले, आणि मग ती तिरकी होऊन कडेवर टेकली. दहा मिनिटांनी ‘या आता’ म्हटल्यावर ती उठली, तेव्हा खुर्ची तिच्याबरोबर वीतभर उचलली गेली आणि दाणकन फरशीवर पडली. तिघांपैकी एकाने तोंडापुढे फाइल धरली. दुसऱ्याने विचारले, “बाई, जुनं दप्तर वरच्या मजल्यावर असतं, दिवसातून दहा वेळा जिना चढावा लागेल, झेपेल का?” ताई म्हणाली, “आमच्या घराला सत्तावीस पायऱ्या आहेत, साहेब, आणि पाणी खालून भरावं लागतं.” एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना ती बराच वेळ बोलली नाही, आणि मग म्हणाली, “अरे, खतावणीतलं एकसुद्धा विचारलं नाही रे मला.” त्या संस्थेचे पत्र आले नाही.

ताईला आपल्या देशाचा कायदा काय देऊ शकला असता? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९९५ च्या जुन्या अधिनियमाच्या मानाने पुष्कळ उदार आहे; जुन्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत, बुटकेपणाचाही त्यात समावेश आहे. स्थूलता मात्र त्या यादीत नाही. अधिनियमातील ‘दिव्यांग व्यक्ती’ची मूळ व्याख्या लक्झेंबर्गच्या व्याख्येची सख्खी बहीण शोभेल अशी आहे: दीर्घकालीन शारीरिक वा मानसिक वैगुण्य, आणि त्याची भोवतीच्या अडथळ्यांशी पडणारी गाठ. परंतु सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांसाठी लागतो तो दाखला यादीतील प्रकारांचा आणि किमान ४० टक्क्यांचा. वजनाने ज्याचे गुडघे कायमचे गेले त्याला सांध्यांच्या नावे कदाचित दाखला मिळेल. वजनाच्या नावे दाखला नाही. आणि मालकाने केवळ अपंग *मानलेल्या* माणसासाठी आपल्या अधिनियमात अमेरिकेसारखे स्वतंत्र कलम नाही. ताई तर गुडघ्यांनी धडधाकट होती.

राखीव जागांचा उल्लेख आलाच आहे तर दिव्यांगांच्या चळवळीतील माणसे जी शंका बोलून दाखवतात तिला उत्तर दिले पाहिजे, कारण ती रास्त आहे. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेल्यांना झगडून मिळालेल्या त्या चार टक्क्यांत कोट्यवधी स्थूल माणसे शिरली तर मूळ हक्कदारांच्या हाती काय उरणार? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळजवळ २३ टक्के अधिक वजनाचे किंवा स्थूल आढळले आहेत. एवढा समाज राखीव जागांत घालणे म्हणजे त्या जागा बुडवणे होय. मीही ते मागत नाही. राखीव जागा ही एक गोष्ट, आणि केवळ देह पाहून काढू नका, डावलू नका, ही निराळी.

डावलण्याचे हे काम आपल्याकडे उघडपणे आणि आकड्यांच्या आधाराने चालते. विमानातील परिचारिकांच्या वजनाचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन २००८ साली विमान कंपनीच्या बाजूने सुटला. २०१५ मध्ये एअर इंडियाने सुमारे सव्वाशे कर्मचाऱ्यांना उड्डाणावरून उतरवण्याचे ठरवले तेव्हा जी कोष्टके लागू होती त्यांत स्त्रीचा शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२ पर्यंत आणि पुरुषाचा २५ पर्यंत स्वाभाविक धरला होता; स्त्री २७ च्या पुढे आणि पुरुष ३० च्या पुढे स्थूल. संकटकाळी प्रवाशांना बाहेर काढण्याची क्षमता हे या नियमामागचे कारण असेल, तर आणीबाणीचे दार स्त्रियांना आणि पुरुषांना सारखेच जड असताना माप निराळे का, याचा खुलासा त्या कोष्टकातून होत नाही. दार उघडून दाखवा, शिडीवरून उतरून दाखवा, अशी परीक्षा घ्यावी; ती कठोर असली तरी माझी हरकत नाही. आसाम पोलिसांनी २०२३ मध्ये ३० च्या पुढे बीएमआय असलेल्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांना मुदत देऊन, वजन न उतरल्यास स्वेच्छानिवृत्तीचा रस्ता दाखवण्याचे जाहीर केले, त्यात थायरॉइडसारख्या वैद्यकीय कारणांचा अपवाद ठेवला होता, हे नमूद केले पाहिजे. तरीही काट्यावरचा आकडा आणि धावण्याची पल्लेदार शक्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या आकड्याची कुळकथा पाहण्यासारखी आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना १८३० च्या दशकात बेल्जियमच्या आदॉल्फ केतले यांची. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते, समूहातील सरासरी मनुष्य शोधत होते, एकट्यादुकट्याची तब्येत ठरवत नव्हते. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. आणि एका माणसाबद्दल हा आकडा किती फसवा असू शकतो, हे जगाला सांगणारे एक छायाचित्र पुण्याशी निगडित आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे एकाच वर्गातला. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. जो आकडा दोन विद्वान वैद्यांना एकाच मापात बसवून दोघांबद्दलही धड काही सांगू शकत नाही, तो एखाद्या स्त्रीच्या चरितार्थाचा निकाल कसा लावणार? जानेवारी २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानेही केवळ बीएमआयवरून निदान करू नये, अवयवांच्या कार्यात आणि दैनंदिन हालचालींत बाधा आली असेल तर ती रोगस्वरूप स्थूलता आणि आली नसेल तर पूर्वावस्था, असा भेद करावा असे सुचवले आहे. वैद्यक आता जो भेद करू लागले आहे तो नोकरीच्या कायद्यालाही करता येईल. ज्याच्या हालचालीत बाधा आली आहे त्याला अपंगत्वाच्या कायद्याने हात द्यावा, वाजवी तजवीज त्याच्या हक्काची करावी. ज्याला बाधा नाही त्याच्यासाठी दुसरा, सरळ कायदा हवा: वजनावरून नोकरी नाकारू नये. अमेरिकेतील मिशिगन राज्यात असा कायदा १९७७ पासून अमलात आहे, न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून आहे, आणि फ्रान्समध्ये शारीरिक रूपावरून भेदभावास २००१ पासून मनाई आहे. तेथे कारखाने बंद पडले नाहीत. एखाद्या कामाला विशिष्ट देहच लागत असेल तर ते मालकाने सिद्ध करावे. आज सिद्ध करण्याचा भार उलट्या बाजूला आहे.

अलीकडे एक नवा युक्तिवाद कानांवर येतो, तो मला अधिक धास्तीचा वाटतो. भूक शमवणारी नवी इंजेक्शने भारतातही २०२५ पासून मिळू लागली आहेत, तेव्हा आता कोणाला स्थूल राहण्याचे कारणच काय, असे विचारले जाते. दरमहा हजारो रुपयांचे हे औषध. थांबवले की वजन बहुधा परत येते. ज्या लेखनिकाच्या पगारात घरभाडे आणि मुलांची फी भागत नाही, त्याने नोकरी टिकवण्यासाठी हे औषध जन्मभर टोचून घ्यावे अशी अपेक्षा उद्या नेमणुकीच्या अटींत शिरली, तर ‘तोंडावर ताबा नाही’ या शब्दांची जागा ‘औषध का घेत नाही’ हे शब्द घेतील.

वाजवी तजवीज म्हटले की मालकांच्या डोळ्यांपुढे मोठे खर्च उभे राहतात, म्हणून एक खर्च सांगतो. ताईला पुढे चार वर्षांनी दुसऱ्या एका कचेरीत जागा मिळाली. तेथेही हातांची खुर्चीच होती, लाकडी. पहिले दोन दिवस ती स्टुलावर बसली. तिसऱ्या दिवशी वयस्क हेडक्लार्कांनी, तिला काही न विचारता आणि कोणाशी काही न बोलता, कचेरीच्या कपाटांची कुलपे बसवायला आलेल्या सुताराला ती खुर्ची दाखवली. त्याने करवतीने दोन्ही हात कापले, कडा कानशीने घासल्या, त्यावर थोडे पॉलिश फिरवले; अर्ध्या तासाचे काम. त्या खुर्चीवर बसून ताईने सव्वीस वर्षे खतावण्या लिहिल्या, दोन वेळा लेखापरीक्षणात सबंध विभागाचे हिशेब तिच्याच टेबलावरून बिनचूक गेले, आणि शेवटची आठ वर्षे हेडक्लार्कची जागा तिच्याकडे होती.

गेल्या वर्षी निवृत्तिवेतनाच्या एका कागदासाठी तिच्याबरोबर मी त्या कचेरीत गेलो. टेबले बदलली होती, संगणक आले होते, भिंतींना नवा रंग होता. खुर्ची खिडकीशी होती, तिच्यावर टपालाचा गठ्ठा ठेवलेला. शिपायाने तो उचलून “बसा ना, मॅडम” म्हटले. ताई बसली, आणि बोलता बोलता तिचा अंगठा डाव्या बाजूला, जिथे सुताराने लाकूड कापले होते त्या गुळगुळीत, काळवंडलेल्या खुंटावर फिरत राहिला.